स्पिटफायरचं सहा घड्याळांचं पॅनेल बनवतोय, मदत हवी आहे (डायल, काटे, रंग सगळंच)

कागदीविमान
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं ते आता हातात घेतलंय. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचं इन्स्ट्रुमेंट पॅनेल, एकास एक मापाचं, भिंतीवर लावायला. उडवायचं नाही, सिम्युलेटरला जोडायचं नाही, फक्त बघायला. पण बघणाऱ्याला दोन सेकंद तरी खरं वाटलं पाहिजे एवढीच इच्छा.

आत्तापर्यंत काय झालंय तर फोटो जमवलेत पन्नासेक, त्यावरून इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण पॅनेलचं ड्रॉइंग काढायला घेतलं आणि तिथेच अडकलोय कारण दोन फोटोंमधली मापं एकमेकांशी जुळतच नाहीत, एकात बूस्ट गेज (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब दाखवणारं घड्याळ) वर आहे तर दुसऱ्यात जागाच वेगळी, फ्लॅपचा दांडा तेवढा सगळीकडे डावीकडे वर दिसतो. ६ मिमीचा प्लाय आणून ठेवलाय. डायल फोटो पेपरवर छापून बघितले पण ते छापलेलेच दिसतात, घड्याळ वाटत नाही. कुठून सुरुवात करू?

लाकूडतोड्या
मस्त विषय! वाचनखूण साठवली.
पहिली गोष्ट, पूर्ण पॅनेल एकदम करू नका. स्पिटफायर हे एक विमान नाही, मार्क १ पासून पुढे कितीतरी आवृत्त्या आणि प्रत्येकात आतली मांडणी थोडी थोडी बदललेली, शिवाय आज उडणाऱ्या विमानांत नवीन रेडिओ वगैरे घुसवलेले असतात, त्यामुळे तुमचे पन्नास फोटो म्हणजे पन्नास वेगळी विमानं असणार. मापं जुळणार कशी?

मधला भाग आधी करा. सहा घड्याळांचं जे आयताकृती पॅनेल असतं ना, ब्लाइंड फ्लाइंग पॅनेल, म्हणजे बाहेर न बघता नुसत्या घड्याळांवर उडवण्यासाठीचं, ते ब्रिटिश हवाई दलाने प्रमाण ठरवलेलं होतं, स्पिटफायर, हरिकेन, लँकेस्टर, मॉस्किटो सगळ्यांत तेच. एका विमानावरून दुसऱ्यावर गेलेल्या वैमानिकाची नजर चुकू नये म्हणून. वरची ओळ डावीकडून वेग, कृत्रिम क्षितिज, चढउताराचा दर. खालची ओळ उंची, दिशेचा जायरो (वेगाने फिरणाऱ्या चाकावर चालणारं यंत्र), वळण आणि घसरण (विमान बाजूला सरकतंय का). हा तुकडा स्वतःच पूर्ण दिसतो, भिंतीवर एकटा लावला तरी अपुरा वाटत नाही.

काटेकोर
लाकूडतोड्या +१.
फोटोवरून माप काढताना: समोरून, लांबून आणि झूम लावून काढलेलाच फोटो घ्या. कॉकपिटमध्ये बसून मोबाईलने काढलेल्या फोटोत कडेची घड्याळं अंड्यासारखी होतात. मग त्या फोटोत ज्याचं माप पक्कं माहीत आहे अशी एक वस्तू शोधा आणि तिच्यावरून बाकीचं मोजा, पण ती वस्तू पॅनेलच्याच पातळीत हवी, पुढे आलेली नॉब घेतली तर सगळं चुकेल. जायरोची दोन यंत्रं बाकीच्यांपेक्षा मोठी असतात, त्यांचा वेगळा हिशोब करा, एकच छिद्र सहा वेळा कॉपी पेस्ट करू नका.

आणि प्रिंट काढताना 'फिट टू पेज' बंद. ते चालू राहिलं की दोनतीन टक्के लहान छापलं जातं आणि लक्षात येतं ते छिद्र पाडून झाल्यावर. प्रत्येक पानावर १०० मिमीची रेघ काढून ठेवा, छापल्यावर पट्टी लावून बघा, मगच कापा.

कागदीविमान
फिट टू पेज!! तेच झालं होतं. माझे डायल छिद्रात सैल बसत होते ते त्यामुळेच. धन्यवाद काटेकोर.
ठरलं, फक्त सहा घड्याळांचं करतो. प्लाय घेऊ की ॲल्युमिनियम?

लाकूडतोड्या
माझं मत ३ मिमी ॲल्युमिनियम. प्लायची कड कितीही भरली तरी रंगाखालून रेषा दिसतातच आणि कोपरा घासला की आतून लाकूड निघतं, खऱ्याला तिथे धातू चमकतो. होल सॉ वापरणार असाल तर मापापेक्षा एक मिमी लहान पाडा आणि अर्धगोल कानसने वाढवत न्या, घाई करू नका, पत्रा दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून धरा नाहीतर होल सॉ अडकला की पत्रा हातातून फिरतो आणि हात कापतो. एचिंग प्रायमर मारल्याशिवाय ॲल्युमिनियमवर रंग टिकत नाही, नखाने निघतो.

सीएनसी किंवा लेझरवाला ओळखीचा असेल तर एमडीएफ किंवा ॲक्रिलिकमध्ये कापून घेता येतं. फक्त पीव्हीसीचा फोम बोर्ड लेझरवर देऊ नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, माणसाला आणि मशीनला दोघांना घातक.

आणखी एक, फार लोक विसरतात: हे पॅनेल मुख्य पॅनेलला थेट ठोकलेलं नसतं, रबरी माउंटवर तरंगतं, इंजिनाच्या कंपनाने घड्याळं खराब होऊ नयेत म्हणून. तेव्हा मागे एक दुसरा पत्रा लावा, मध्ये खरे रबरी बुश टाका आणि दोघांत बोटभर नाही पण दिसेल एवढी फट ठेवा. त्या फटीतली सावली म्हणजे अर्धं काम.

सोल्डरगन
काटे हलते करणार का? माझ्याकडे एक्स२७.१६८ पडलेत, गाडीच्या डॅशबोर्डमधली स्टेपर मोटर, आवाज नाही, काटा थरथरत नाही. छोटे सर्व्हो वापरू नका, गुरगुरतात. एकच अडचण, एक्स२७ साधारण ३१५ अंशच फिरते, आत अडथळा असतो. चढउताराला चालेल. उंचीच्या घड्याळाचा काटा गोल गोल फिरत राहतो, तिथे २८बीवायजे-४८ लावा, यूएलएन२००३ ड्रायव्हरसोबत, पूर्ण फेरीला २०४८ स्टेप मिळतात, शून्य शोधायला एक हॉल सेन्सर, चुंबक ओळखणारा.

कागदीविमान
मोह होतोय पण आधी स्थिर करतो. काटे घट्ट दाबून बसवतो म्हणजे नंतर काढता येतील, मागे मोटरची जागा सोडून ठेवतो.

दुसरा प्रश्न. मला एका संग्राहकाकडून खरं अल्टिमीटर, म्हणजे उंचीचं घड्याळ, मिळतंय, त्या काळातलं. काच तडकलेली आहे आणि काटे तपकिरी पडलेत. विचार असा की उघडून साफ करायचं, आकडे नव्याने चमकणाऱ्या रंगाने भरायचे आणि तेच पॅनेलमध्ये लावायचं. निदान एक तरी घड्याळ खरं. आता अंधारात काही चमकत नाही म्हणजे जुन्या चमकत्या रंगातलं रेडियम संपलं असेल ना?

अल्फाकण
थांबा. उघडू नका, कृपया.

रेडियम संपलेलं नाही. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे, ऐंशी वर्षांत त्यातलं तीनसाडेतीन टक्के कमी झालं असेल, बाकी सगळं तिथेच आहे. चमकणं थांबलं ते दुसऱ्याच कारणाने. रंगात रेडियमसोबत झिंक सल्फाइड असतं, प्रकाश ते देतं, आणि इतकी वर्षं अल्फा कणांचा मारा खाऊन त्याचे स्फटिक निकामी होतात. दिवा गेलाय, वीज चालूच आहे असं समजा.

काच शाबूत असलेलं घड्याळ कपाटात लांब ठेवलेलं असणं वेगळं आणि उघडणं वेगळं. तो जुना रंग ठिसूळ होतो, भुकटी होऊन झडतो, खरवडला की हवेत, हवेतून छातीत, आणि शरीर रेडियमला कॅल्शियमसारखं वागवतं म्हणजे ते हाडात जाऊन बसतं. १९२० च्या दशकात घड्याळांचे डायल रंगवणाऱ्या मुली ब्रश ओठांनी टोकदार करायच्या, त्यांच्या जबड्यांची हाडं सडली. मी किरणोत्सर्ग मोजण्याचं काम केलेलं आहे, म्हणून इतक्या कळकळीने लिहितोय. तुमच्या घड्याळाची काच तर आधीच तडकलेली आहे. त्यातून रेडॉन वायूही बाहेर येतो, बंद खोलीत साठतो.

माझा सल्ला, घेऊच नका. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत सील करा, झोपायच्या खोलीत ठेवू नका, हात लावला तर साबणाने धुवा, कचऱ्यात टाकू नका, आपल्या देशातल्या अणुऊर्जा नियामकाला विचारून विल्हेवाट लावा.

कागदीविमान
अल्फाकण, मनापासून आभार. घरात लहान मुलगी आहे, ती माझ्या टेबलापाशीच खेळते. नाही म्हणून कळवून टाकलं. सहाही घड्याळं बनवलेलीच असतील.

रात्रप्रवासी
चांगला निर्णय. आता डायल खरे का वाटत नाहीत त्याबद्दल. मी टायगर मॉथ या जुन्या ब्रिटिश विमानाचं छोटं पॅनेल केलंय, त्यात शिकलेलं सांगतो.

छापील डायल सपाट असतो, खऱ्यावर आकडे आणि काट्यांवरचा चमकणारा रंग जाड थराने भरलेला असतो. तर काळी पार्श्वभूमी आणि बारीक पांढऱ्या रेघा मॅट कागदावर छापा, पण मोठे आकडे आणि जाड खुणा फक्त बारीक बाह्यरेषेने छापा आणि मग शून्य नंबरच्या ब्रशने ॲक्रिलिकचा थर चढवा. कडा किंचित उचललेल्या दिसल्या की डोळा फसतो. रंग पांढरा नको, हिरवा तर अजिबात नको, जुन्या हस्तिदंतासारखा पिवळट घ्या आणि मध्येमध्ये थोडा तपकिरी. बाजारातला नवीन चमकणारा रंग स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा असतो, तो इतका प्रखर हिरवा पेटतो की मला तरी तो जुन्या पॅनेलवर बघवत नाही.

काच म्हणून २ मिमी ॲक्रिलिक, आणि काच ते डायल अंतर सोडा, मी ७ मिमी सोडलं. काटा डायलपासून ३ मिमी वर. बाजूने उजेड आला की काट्याची सावली डायलवर पडली पाहिजे. काटे अर्धा मिमी पितळेच्या पत्र्याचे, मागे शेपटी ठेवा, कारण खऱ्या काट्याला तोल सांभाळायला ती असतेच. आकड्यांसाठी कॉम्प्युटरचा फॉन्ट वापरू नका, फोटोवरून एकेक आकडा गिरवा, सहा आणि नऊची वळणं लगेच चुगली करतात.

काटेकोर
रात्रप्रवासींचा प्रतिसाद प्रिंट काढून भिंतीवर लावावा असा आहे.

थोडी भर घालतो.
कृत्रिम क्षितिज निळं आणि तपकिरी करू नका. ते पुढच्या काळातलं. त्या वेळचं काळं असतं, मध्ये छोटं स्थिर विमान आणि वरखाली होणारी एक आडवी पट्टी, बस.
दिशेच्या जायरोत गोल चकती नसते, एका छोट्या खिडकीतून आतला फिरता पट्टा दिसतो आणि त्यावरचे आकडे डावीकडे वाढत जातात. लोक सवयीने उजवीकडे वाढवतात. आपण त्या पट्ट्याची आपल्याकडची बाजू बघतोय, विमान त्याच्याभोवती वळतंय, म्हणून उलटं.
वळण-घसरणीच्या ब्रिटिश घड्याळात काचेच्या नळीतला गोळा नसतो, दोन काटे असतात, खालचा वळणाचा, वरचा घसरणीचा.
चढउताराचं शून्य डावीकडे, घड्याळात नऊ वाजतात तिथे.
आणि स्क्रू! सरळ खाचेचेच हवेत. फुलीच्या खाचेचे स्क्रू ब्रिटिश पॅनेलवर दिसले की बाकी सगळं विसरायला होतं. खरे बीए या जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचे असतात, ४बीए म्हणजे ३.६ मिमी व्यास, नाही मिळाले तर एम४ चे सरळ खाचेचे पितळी घ्या आणि काळे करा.

कागदीविमान
महिनाभर गायब होतो, कामच चालू होतं. पत्रा कापून, कानस मारून, प्रायमर आणि सॅटिन काळा रंग देऊन झाला. डायल रात्रप्रवासींच्या पद्धतीने. पहिल्यांदा काच लावून बाजूने दिवा धरला आणि सावली पडली तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो, खरं सांगतो, डोळे भरून आले.

रंग झिजवताना फक्त जिथे हात लागतो तिथेच झिजवला, उंचीच्या नॉबभोवती आणि स्क्रूंच्या कडेला, बाकी पॅनेल तसंच ठेवलं.

आता काटे. मला ते नुसते शून्यावर ठेवायचे नाहीत. विमान हवेत आहे असं दाखवायचंय. वेग ताशी १८० मैल, उंची ५५०० फूट, चढ मिनिटाला २०००, क्षितिज डावीकडे ४५ अंश कललेलं, वळण डावीकडे १ वर, घसरण मध्यावर, दिशा ०३०. कसं वाटतंय? प्रचि (फोटो) टाकलंय.

निवांत_पक्षी
फार सुंदर काम. मी आयुष्यभर अशाच घड्याळांसमोर बसलेलो आहे, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. तुमचे सहा काटे सहा वेगवेगळ्या विमानांतले आहेत. वैमानिक ही घड्याळं एकेक वाचत नाही, एकाचं दुसऱ्याशी जुळतंय का ते सतत बघत असतो, तेच तर आंधळं उड्डाण. ढगात शिरलं की शरीर खोटं सांगायला लागतं, वळणात असताना सरळ चाललोय असं वाटतं. १९२९ मध्ये अमेरिकन वैमानिक जिमी डूलिटलने झाकलेल्या कॉकपिटमधून उड्डाण केलं, फिरून परत येऊन उतरला, तेही नुसत्या यंत्रांवर, त्यात स्पेरीचं कृत्रिम क्षितिज आणि दिशेचा जायरो होता आणि कोल्समनचं नवीन अल्टिमीटर. तेव्हापासून हाच नियम, घड्याळं एकमेकांना साक्ष देतात.

आता तुमचं बघा. दर १ चं वळण म्हणजे मिनिटाला १८० अंश, सेकंदाला ३. त्याला किती कलावं लागतं त्याचा जुना हिशोब, नॉटमधल्या (ताशी सागरी मैल) वेगाचा दहावा भाग अधिक ७. ताशी १८० मैल म्हणजे १५६ नॉट, म्हणजे साधारण २२-२३ अंश. तुम्ही ४५ दाखवलेत. त्या वेगाला ४५ अंश कललात तर सेकंदाला ७ अंश वळाल, काटा २ च्या पुढे जायला हवा. एकतर क्षितिज २३ वर आणा, नाहीतर वळणाचा काटा हलवा. चढत्या वळणात २३ च शोभेल.

विमान डावीकडे कलताना क्षितिजाच्या पट्टीचं डावं टोक वर जातं, तुमचं खाली आहे. कलतं विमान, पट्टी जगाशी समांतर राहते. आणि नाक वर आहे म्हणून पट्टी छोट्या विमानाच्या खाली हवी, पण किंचितच: ताशी १८० मैल म्हणजे मिनिटाला १५८४० फूट, त्यात २००० फूट चढ म्हणजे वाट जेमतेम ७ अंशांची.

काटेकोर
निवांत_पक्षी सर, दंडवत. ही बाजू मी कधी बघितलीच नव्हती.
उंचीतही एक आहे. तीन काटे आहेत ना, ५५०० ला मोठा काटा बरोबर ५ वर, पण हजाराचा काटा ५ आणि ६ च्या मधोमध पाहिजे, फोटोत तो ५ वर चिकटलाय. साडेपाच वाजता तासाचा काटा पाचावर नसतो तसंच. दहा हजाराचा काटा शून्य आणि १ च्या साधारण मध्यावर.

लाकूडतोड्या
मग इंजिन बंद असलेलं, जमिनीवर उभं विमान का नको? वेग शून्य, चढ शून्य, सोपं.

निवांत_पक्षी
तेही छान दिसेल लाकूडतोड्या, पण ते वाटतं तितकं रिकामं नसतं. जायरो इंजिनाच्या पंपाने ओढलेल्या हवेवर फिरतात, इंजिन थांबलं की फिरणं हळूहळू थांबतं आणि क्षितिजाची पट्टी कुठेतरी तिरकी पडून राहते. हँगरमध्ये उभ्या विमानाचं क्षितिज सरळ दाखवलं तर तेही चुकीचंच.

कागदीविमान
आज दिवसभर सगळे काटे परत काढले. आता असं आहे: वेग १८०, चढ २०००, क्षितिज डावीकडे २३ अंश, डावं टोक वर, पट्टी जराशी खाली, वळण डावीकडे १, घसरण मध्यावर, उंची ५५००, तिन्ही काटे बरोबर. दिशेच्या पट्ट्यावर आकडे डावीकडे वाढवून परत छापले.
काय फरक पडलाय ते सांगता येत नाही. आधी सहा चांगली घड्याळं होती. आता समोर उभं राहिलं की आपण डावीकडे झुकतो. मुलगी पण झुकली, तिला काही सांगितलेलं नव्हतं.

सोल्डरगन
मोटरची जागा सोडली आहेस ना? वळण आणि क्षितिज एकाच सूत्राने जोडू, वेग दिला की कल आपोआप निघेल. मी कोड लिहायला घेतलाय.

निवांत_पक्षी
नवीन प्रचि मोठं करून पाहिलं. आता एकच विमान आहे. अल्टिमीटरच्या मिलिबारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या, खिडकीत काय ठेवलंय ते दिसलं नाही.

कागदीविमान
सर, १०१३ ठेवलंय, समुद्रसपाटीचा प्रमाण दाब.

निवांत_पक्षी
ठीक. चालू द्या.